डोळे कोणी उघडले?



मिस्साबलीच्या सुरुवातीला आपण छातीवर हात मारून आपले अपराध कबूल करतो. त्या प्रार्थनेतली एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण 'आम्ही', 'आम्हाला' असे बोलतो. इथे मात्र शेकडो लोक एका सुरात बोलत असूनही प्रत्येकजण 'मी' म्हणतो, आणि शेजाऱ्याच्या छातीवर कोणी हात मारत नाही.

देवळाबाहेर पडलो की मात्र तोच हात दुसऱ्याकडे वळतो. 'मित्रांनी आग्रह केला म्हणून प्यालो.' 'ती उलट बोलली म्हणून माझा हात उठला.' 'सैतानाने बुद्धी फिरवली.' ही सवय एदेन बागेइतकी जुनी आहे. आदामाने हव्वेकडे बोट दाखवले आणि जाता जाता, ती बायको देणाऱ्या देवालाही दोष दिला. हव्वेने सर्पाकडे बोट दाखवले. सर्पाला बोटे नव्हती, म्हणून गोष्ट तिथे थांबली एवढेच!

संत याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हा रस्ता बंद करतो. देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो, असे तो सांगतो. देवच आपल्याला मोहात नेतो असा गैरसमज होऊ नये म्हणून फ्रान्समध्ये डिसेंबर २०१७ पासून आणि इटलीत नोव्हेंबर २०२० पासून प्रभूच्या प्रार्थनेतील त्या ओळीचे भाषांतरही बदलण्यात आले.

या बाबतीत संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात सांगितलेली एक हकिकत आम्हाला फार बोलकी वाटते. अलिपियस हा त्याचा गाववाला आणि जिवलग मित्र. कायद्याच्या शिक्षणासाठी तो रोमला गेला. तलवारबाजांच्या जीवघेण्या झुंजी पाहायला तिथे गर्दी लोटत असे. अलिपियसला त्यांचा तिटकारा होता. एके दिवशी जेवण आटोपून येणाऱ्या मित्रांनी त्याला वाटेत गाठले आणि थट्टामस्करी करत अक्षरशः ओढून आखाड्यात नेले. तो म्हणाला, शरीर न्याल, पण माझे मन आणि डोळे कसे न्याल? तिथे तो डोळे घट्ट मिटून बसला. झुंजीत कोणीतरी पडला आणि सारा लोकसमुदाय एकदम ओरडला. काय झाले ते पाहू तरी, असे वाटून अलिपियसने डोळे उघडले. मग ते मिटलेच नाहीत. रक्त पाहून तोही ओरडू लागला आणि पुढे तो स्वतःच इतरांना तिथे घेऊन जाऊ लागला.

आता दोष कोणाचा? ओढून नेणाऱ्या मित्रांचा होताच. दुसऱ्याला अडखळण बनणाऱ्याबद्दल प्रभू येशू किती कठोर बोलला आहे ते आपण जाणतो. लग्नाच्या मांडवात नको म्हणणाऱ्याच्या हातात ग्लास कोंबणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे. पण मित्रांनी पाय ओढले होते, पापण्या नाहीत. ऑगस्टीन आणखी एक बारीक गोष्ट दाखवतो. अलिपियसने देवावर नव्हे, तर स्वतःच्या ताकदीवर भिस्त ठेवली होती. 'मला काही होणार नाही' हा त्याचा पहिला घसरता पाय.

ऑगस्टीनला हे कळले, कारण तो स्वतः अनेक वर्षे मानी पंथात होता. पाप आपण करत नाही, आपल्यातील दुसराच कोणी वाईट स्वभाव करतो, ही त्या पंथाची शिकवण त्याला तेव्हा गोड वाटे. त्याने तसे मोकळेपणी लिहून ठेवले आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलची दोन उदाहरणे आमच्या मनात रुतली. हातातून सुटलेला धोंडा परत आणता येत नाही, पण तो फेकणे न फेकणे आपल्या हाती होते. दुसरे म्हणजे, नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देण्याच्या कायद्याचा तो उल्लेख करतो, कारण न पिणे त्याच्या हाती होते. 'मी शुद्धीत नव्हतो' असे सांगणाऱ्या नवऱ्यांनी याचा विचार करावा. ख्रिस्ताआधी तीनशेहून अधिक वर्षे एका ग्रीक माणसाला हे समजले होते!

मुलींच्या कपड्यांमुळे देवळात लक्ष विचलित होते, अशी तक्रार अधूनमधून आमच्याकडे येते. देवळात सर्वांनीच साधेपणाने यावे, हे खरे. परंतु मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू वासनेने पाहण्याविषयी बोलतो, तेव्हा ज्या डोळ्याला तो दोष देतो तो पाहणाऱ्याचा आहे. त्या स्त्रीने काय नेसले होते, हे तो विचारतही नाही.

मग व्यसनात अडकलेल्याचे काय? सवय, भीती, मनाचा आजार यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधी नाहीशीही होते, असे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभेने स्पष्ट म्हटले आहे. म्हणून अशा भावाला 'इच्छाशक्ती नाही' म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पण एक पाऊल त्याच्याही हाती उरते: मदत मागणे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'मध्ये माणूस आधी दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करतो. तो तिथेच थांबत नाही, पुढे स्वतःच्याच चुकांचा हिशेब मांडायला बसतो.

उपदेश पुरे. गेल्या वर्षी रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहण्याची सवय आम्हाला लागली. सकाळची प्रार्थना उरकली जाई, प्रवचनाची तयारी राही आणि भेटायला आलेल्यांवर आम्ही चिडत असू. (त्या रविवारची प्रवचने छोटी होती म्हणून काहींनी आमचे अभिनंदन केले!) पापनिवेदनाला गेलो तेव्हा कामाचा ताण, सततच्या सभा, एकटेपणा असे बरेच सांगितले. आमचे वयोवृद्ध पापनिवेदक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "फादर, ही झाली कामाची पापे. आता तुमची सांगा."

आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. नंतर जे सांगितले ते दोन वाक्यांत संपले. त्या दिवसापासून रात्री दहा वाजता मोबाइल खाली ऑफिसात ठेवून वर झोपायला जातो. दोनदा जिना उतरून खाली गेलो, हेही कबूल करतो. तातडीच्या कामासाठी रात्री लँडलाइनवर फोन करावा, आम्ही उचलतो.