शाळेतील जुन्या ध्वनिफिती व त्यांची नवी प्रत

अनेक प्राथमिक शाळांच्या कपाटांत कॅसेटांचा संग्रह पडून आहे. टेपरेकॉर्डर नादुरुस्त झाला म्हणून तो रद्दीत काढण्याची घाई शिक्षकांनी करू नये. प्रथम निवड करावी. बाजारातून आणलेली बालगीते आज मोबाइलवरही बहुधा मिळतात. त्यांवर वेळ घालविण्याचे कारण नाही. परंतु गावातील एखाद्या वृद्धेच्या जात्यावरील ओव्या ज्या फितीवर आहेत, तिची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. तथापि त्यांत आपल्या गावची ओवी असेलच असे नाही.

कॅसेटच्या मागील कडेस दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकीची कळ दाबली गेली तरी जुना आवाज पुसला जात नाही. नंतर यंत्राचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, तारेने ते संगणकास जोडावे. साठ मिनिटांच्या फितीस साठ मिनिटेच लागतात. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी. एमपी-थ्री आकाराने लहान खरी, पण तीत आवाजाचा काही अंश गाळलेला असतो, म्हणून ती वर्गात ऐकविण्यापुरतीच करावी. एक प्रत शाळेबाहेरही असावी.

गाणारीचे नाव व साल लिहिण्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. हे काम संगणकाचे नव्हे. फीत वडीलधाऱ्यांना ऐकवून विचारावे लागते, आणि तो आवाज ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.