हत्तीपाय : चोळण्याआधी धुणे

वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग फार जुना आहे. मिसरोदच्या ज्या मराठी घरांची सोयरीक तिकडे आहे, त्यांनी सुजलेला पाय लुगड्याआड झाकून लग्नमंडपाच्या कडेला बसलेली एखादी आजी पाहिली असेल. आपल्या मध्य प्रदेशातही पन्ना, छतरपूरकडे हा रोग आढळतो. अशा घरांतून एकच प्रश्न येतो : चोळून घेतले तर पाय उतरेल का?

आधी कारण समजून घ्यावे. रक्तातून पाझरलेले पाणी अंगात साचू नये म्हणून ते परत नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. गटारीच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावला की त्याच्यावाटे जंत शिरतात आणि या नळ्यांत वर्षानुवर्षे राहून त्या निकामी करतात. सरकारी मोहिमेतील गोळ्या (२०१९ साली नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली) मुख्यतः रक्तातील जंतांची पिल्ले मारतात व पुढचा फैलाव थांबवतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी रक्तावरून हा रोग ओळखण्याच्या चाचण्यांवर अनेक वर्षे काम केले. पण एकदा बिघडलेली नळी गोळीने दुरुस्त होत नाही. म्हणून “गोळ्या खाल्ल्या, पाय तसाच” ही तक्रार खरी असली तरी गोळी टाळण्याचे ते कारण नव्हे.

पाय जाड होत जातो तो मुख्यतः वरचेवर येणाऱ्या तापाने. थंडी वाजते, पाय लाल होऊन ठणकतो, जांघेत अवधाण येते. हा ताप जंतांचाच असे पूर्वी मानीत. ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बहुतेक वेळा तो बोटांमधील चिखल्या, टाचेच्या भेगा, काट्याची जखम यांतून शिरणाऱ्या साध्या जीवाणूंचा असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी आशेची गोष्ट आहे, कारण हे दार घरच्या घरी बंद करता येते.

रोज, शक्यतो रात्री, साध्या पाण्याने व साबणाने पाय धुवावा. घासणी वापरू नये. बोटांच्या बेचक्या व कातडीच्या घड्या मऊ फडक्याने टिपून अगदी कोरड्या कराव्यात. इथेच आळस होतो आणि इथेच चिखल्या होतात. त्यावर डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. निजताना पायाखाली उशी घ्यावी, दिवसा घोटा फिरवत राहावे. गव्हाला पाणी देताना अनवाणी वाफ्यात उतरू नये. टब, मग, साबण, टॉवेल व मलम असा संच सरकारी आरोग्य केंद्रांतून रुग्णांना मोफत देण्याची योजना आहे. तो मागून घ्यावा.

आता चोळण्याविषयी. डेन्मार्कच्या एमिल व एस्ट्रिड वोडर या दांपत्याने १९३६ साली पॅरिसमध्ये एक हलकी मालिश मांडली. तेल लावून जोर काढणारी मालिश ती नव्हे. नळ्या कातडीच्या लगेच खाली असल्याने कातडी फक्त हळुवार ताणायची असते. सुरुवात सुजलेल्या पायापासून होत नाही. मान, पोट, जांघ आधी, पाय शेवटी. वावरातले पाणी काढताना आपण आधी चराचे तोंड मोकळे करतो, तसेच हे. तिच्यामागून थरांची घट्ट पट्टी बांधली नाही तर उतरलेली सूज परत भरते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या स्त्रियांवरील अभ्यासांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. मालिश सुरक्षित आहे, पट्टीच्या जोडीला ती थोडा अधिक फायदा देऊ शकते, तोही सूज फार वाढलेली नसताना, असे त्यात दिसले. म्हणजे नुसत्या मालिशीसाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर माझ्या मते ते देऊ नयेत. पट्टी बांधणे मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. बाजारातली साधी लवचीक पट्टी या कामाची नाही.

ताप चढलेला असताना मालिश, पट्टी, व्यायाम सगळे थांबवावे. पाय उंच ठेवून थंड पाण्याची घडी ठेवावी, भरपूर पाणी प्यावे व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जीवाणूंवरचे औषध पूर्ण दिवस घ्यावे लागते.