मेमरी वाढवली आणि लॅपटॉप सुरूच होईना



जुना लॅपटॉप संथ झाला की नवा घेण्यापेक्षा त्याची मेमरी, म्हणजेच रॅम, वाढवणे परवडते. पण रॅमची नवी पट्टी बसवून बटण दाबले, दिवा लागला, पंखाही फिरला आणि पडदा मात्र काळाच राहिला, तर? घरात पहिली धास्ती हीच असते की शाळेचा प्रकल्प, फोटो, शिष्यवृत्तीची कागदपत्रे गेली की काय! या पाठात आपण दोष कसा शोधायचा ते पाहू.

फाइली कुठे असतात?

फाइली रॅममध्ये नसतात, हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. आजच्या रॅमची मूळ रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. या रचनेत प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. कपॅसिटरमधील विद्युतभार सतत गळतो, म्हणून तो सेकंदातून अनेकदा पुन्हा भरावा लागतो. वीज बंद झाली की रॅम कोरी होते. डिस्कवरील मजकूर मात्र तसाच राहतो.

म्हणून कोणी "फॉरमॅट मारावा लागेल" म्हटले तर लगेच हो म्हणू नका. लॅपटॉप आधी रॅम तपासतो आणि मगच डिस्ककडे वळतो. रॅमपाशीच अडलेला लॅपटॉप फॉरमॅटने सुरू होणार नाही, उलट फाइली मात्र पुसल्या जातील.

हात लावण्यापूर्वी

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरीही काढा. बॅटरी आत असेल तर तिची जोडणी सोडवा. मग बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल.

आपल्या सुरतेत पॉलिएस्टरचे कापड घरोघरी आहे. असे कापड घासले गेले की स्थिर वीज साठते, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर जास्तच. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला बिघडू शकते. म्हणून सुती कपडे घाला, काम लाकडी टेबलावर करा, आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा आणि पट्टी कडेनेच धरा.

तपासणीचा क्रम

१. नवी पट्टी काढा, जुनी होती त्याच जागी बसवा. लॅपटॉप सुरू झाला तर तो शाबूत आहे. काही लॅपटॉपमध्ये मूळ मेमरी मदरबोर्डवरच पक्की असते. तिथे फक्त नवी पट्टी काढून पाहा.

२. आता जुन्या पट्टीच्या जागी एकटी नवी पट्टी बसवा. खाच जुळवून ती तिरकी आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंचे खटके लागले पाहिजेत. पट्टी अर्धवट बसणे हा नेहमीचा दोष आहे.

३. नवी पट्टी एकटी चालली तर ती दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. तिथे अडली, तर त्या स्लॉटमध्ये धूळ किंवा दोष असू शकतो.

४. दोन्ही पट्ट्या एकेकट्या दोन्ही स्लॉटमध्ये चालतात, पण एकत्र चालत नाहीत? मग त्यांचे जुळत नाही. बायॉस अद्ययावत करून पाहा, नाहीतर पट्टी बदलून घ्या.

५. जुन्या पट्टीवरही सुरू होत नसेल तर काम करताना एखादी वायर किंवा जोडणी सुटली आहे का ते पाहा. तरीही जमले नाही तर जाणत्या कारागिराकडे जा आणि काय काय केले ते क्रमाने सांगा.

लेबल वाचा

डीडीआर३ पट्टीला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिना असतात. त्यांच्या खाचाही वेगळ्या, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत. पिना आणि खाच सारखीच, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालणारी. २०१३ च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच पट्टी लागते. दुसरी नीट बसते, पण पडदा काळाच राहतो.

डीडीआर५ च्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट. नवी मेमरी ओळखायला त्याला पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ थांबा.

लक्षात ठेवा : शेवटचा बदल आधी तपासावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

स्वाध्याय

१. वीज गेल्यावर रॅममधील माहिती का टिकत नाही?
२. नवी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडते, जुनी दोन्हीकडे चालते. दोष कशात असावा?
३. घरातील लॅपटॉपला कोणत्या प्रकारची रॅम लागते ते मोठ्यांच्या मदतीने शोधून वहीत लिहा.