चौदावीचा चाँद आणि रावस

मुलांनो, भाट्याची खाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सह्याद्रीतून येणारी काजळी नदी रत्नागिरीजवळ समुद्राला मिळते, तीच ही खाडी. सुट्टीच्या दिवशी तिथे एखादे कुटुंब गरवायला बसलेले दिसते. गरीला, म्हणजे गळाला, कोळंबी लावून मासे पकडण्याला आपल्याकडे गरवणे म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका रविवारी आम्हीही गेलो. अब्बा, मामू, माझा बारा वर्षांचा भाचा आणि मी. फज्रची नमाज पढून साडेपाचला पोहोचलो. पूर्ण ओहोटी होती. ओल्या वाळूवरून चालत आम्ही काठापासून थोडे दूर असलेल्या कातळावर जाऊन बसलो. अब्बा म्हणाले, "आज चाँदाची चौदावी. सातच्या आत उठायचे."

भाच्याला रावस हवा होता. हॉटेलात या माशाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण खऱ्या सामनशी त्याचे नाते नाही. सामन थंड प्रदेशातला. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येतो. अमेरिकेत तर मिशिगन सरोवराला 1966 साली त्याची पिल्ले सोडली. आज तिथे लोक कुटुंबासह सामन पकडायला जातात. आपला रावस उष्ण समुद्रातला. त्याच्या परांखाली दोऱ्यांसारखे चार तंतू असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपडत कोळंबी शोधतो. खाडी त्याला म्हणूनच मानवते.

पहिला तासभर पाणी फारसे चढले नाही. सातला अब्बा उठले आणि त्याच क्षणी भाच्याचा तंगूस ताणला गेला. मोठा मासा होता. "अब्बा, पाचच मिनिटे!" असे मीच म्हणालो. वर्गात भरती-ओहोटी शिकवणारा मी!

तंगूस खडकात अडकला. पाच मिनिटांची पंधरा झाली. मागे वळून पाहिले, तर वाळू दिसेनाशी झाली होती. मामूंनी काही न बोलता सुरीने तंगूस कापला. भाचा रडू लागला. अब्बांनी त्याचा हात घट्ट धरला. काठावर आलो तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागले होते. आठ वाजता तो कातळ पूर्ण बुडाला.

असे का झाले? ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते थोडेसे चढते. मधल्या दोन तासांत मात्र एकूण चढाच्या जवळजवळ निम्मे चढते. त्यातून पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण येते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास ती लहान असते; तिला भांगाची भरती म्हणतात.

अब्बांना वेळ कशी कळली? कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे 15. तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराला आणि ओहोटी त्याआधी सहा तास, पहाटे पाचच्या सुमारास. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. तुमच्या घरी हिजरी कॅलेंडर असेल, तर चाँदाच्या तारखेत साधारण एक मिळवा, तिथी मिळेल. हा हिशेब ढोबळ आहे. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते आणि या हिशेबात 45च धरली जातात. म्हणून अब्बा नेहमी अर्धा तास हातचा ठेवतात.

भाचा अजूनही म्हणतो की तो रावस हातभर होता. मामू म्हणतात, शेंगटी असेल. दिसला कोणालाच नाही.

स्वाध्याय
1. मामूंनी तंगूस का कापला?
2. चाँदाची सातवी तारीख असेल, तर भरती साधारण किती वाजता येईल? हिशेब वहीत मांडा.
3. घरातील वडीलधाऱ्यांना भरतीचा हिशेब विचारा आणि तो मराठीत पाच ओळींत लिहा.