कुटुंबाचा नेहमींचा डॉक्टर कसा निवडावा?

पाठाचा मुद्दा : जवळचा, आपणांस ओळखणारा व वेळेवर पुढें पाठविणारा डॉक्टर दुखणें येण्यापूर्वींच ठरवून ठेवावा.

१. दारोदार फिरण्यानें काय होतें?

पुष्कळ घरीं असें घडतें कीं, ताप आला म्हणजे आज दुकानांतली गोळी, उद्यां फिरत्या मनुष्याची सुई, आणि रोग बळावल्यावर सावलीहून एकदम चंद्रपूर किंवा वैनगंगेपलीकडे गडचिरोली. प्रत्येक ठिकाणीं नवा मनुष्य व नवें औषध. मागें काय दिलें हें कोणासच ठाऊक नसतें. पैसा जातो, आणि त्याहून मोलाचा वेळ जातो. आपल्या रानांतला हिंवताप मेंदूपर्यंत पोंचल्यास थोडक्या दिवसांतच प्राणावर बेततें.

२. पायऱ्या ओळखा

सरकारी आरोग्यसेवा पायऱ्यांची आहे. गांवांत आशाताई. तिच्यापुढें उपकेंद्र, तें मैदानी भागांत ५,००० व आदिवासी किंवा डोंगराळ भागांत ३,००० वस्तीस एक असावें, असें प्रमाण आहे. त्यापुढें डॉक्टर असलेलें प्राथमिक आरोग्य केंद्र, तें अनुक्रमें ३०,००० व २०,००० वस्तीस एक. मग ग्रामीण रुग्णालय, व शेवटीं जिल्ह्याचें रुग्णालय. खालची पायरी हलकी असें कोणीं समजूं नये. बहुतेक दुखणीं तेथेंच बरीं होतात, आणि जीं होत नाहींत तीं तेथेंच ओळखलीं जातात.

याचें प्रमाण शेजारींच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था स्थापिली. तिनें ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांस शिकवून तयार केलें. त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचें वजन घेत, त्यास ऊब देत, व जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून उपचार करीत. त्या गांवांत १९९३-९५ मध्यें दर हजार जन्मांमागें ६२ बाळें पहिल्या महिन्यांत दगावत. २००१-०३ मध्यें तो आंकडा २५ वर आला. २०११ पासून ही रीत देशभर आशाताईंच्या कामांत घेण्यांत आली. हें मोठ्या इमारतीनें नव्हे, तर जवळच्या शिकलेल्या माणसानें साधलें.

३. पांच कसोट्या

(१) त्याची नोंदणी झालेली असावी. नोंदणीचें प्रमाणपत्र दवाखान्यांत पाहावें. विचारण्यांत संकोच नको.

(२) तो आधीं ऐकतो व तपासतो काय? तापांत रक्त तपासल्यावांचून औषध देणारा टाळावा.

(३) प्रत्येकास सुई व सलाईन देणें ही हुशारी नव्हे. एकच सुई अनेकांस टोचल्यानें काविळीसारखे रोग पसरतात.

(४) तो औषधाचें नांव कागदावर लिहून देतो काय? ते कागद एका पिशवींत जपून ठेवावे व प्रत्येक वेळीं न्यावे.

(५) आपल्या आवांक्याबाहेरचा रोगी तो चिठ्ठी देऊन तत्काळ पुढें पाठवितो काय? जो रोग्यास अडवून ठेवितो, तो कितीहि गोड बोलो, आपला नव्हे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रोगी आहेत. अशा मुलास आलेला साधा तापहि घातक होऊं शकतो. ज्या डॉक्टरास त्या घरचें दुखणें आधींच ठाऊक आहे, तो एक घटकाहि दवडीत नाहीं. नेहमींच्या डॉक्टराचा खरा लाभ हाच.

४. केव्हां थांबूं नये

सर्पदंश, झटके, बेशुद्धी, धाप, बाळंतिणीचा अति रक्तस्राव, किंवा बाळानें दूध सोडणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास पायऱ्या मोजीत बसूं नये. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी व रुग्णालय गांठावें. सर्पदंशावर मंत्र नव्हे, तर रुग्णालयांतील प्रतिविष हाच उपाय होय.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गांवचें उपकेंद्र कोठें आहे, व तेथील परिचारिका कोण?
२. आपल्या घरचे औषधांचे कागद कोठें आहेत?
३. आज रात्रीं मूल तापानें फणफणलें, तर प्रथम कोणास बोलवाल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या घरीं तयार नाहीं, त्यांनीं तें या आठवड्यांतच ठरवावें.