तिसरीत गेली ना चिंगी?

अगं, पुस्तकांना कव्हरं घालून झाली असतील तर बस जरा. काल फोनवर एका दमात तीन प्रश्न टाकलेस. शिकवणी लावू का, पाढे कुठवर पाठ हवेत, आणि बाई म्हणतात 'गणित येतं तिला, पण उदाहरणं येत नाहीत', म्हणजे नेमकं काय? त्यातला शेवटचा प्रश्न खरा. तो सुटला की बाकीचे दोन आपोआप सुटतात.

पहिली-दुसरीत वाचायला शिकणं हाच अभ्यास असतो. तिसरीत मात्र पोराला वाचता येतं असं धरूनच सगळे विषय पुढे सरकतात. परिसर अभ्यासाचे धडे लांब होतात, गणितात ओळीच्या ओळी येतात, जोडाक्षरं पानोपानी भेटतात. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ला निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यातसुद्धा हद्द तिसरीचीच धरली आहे. तिसरी संपेपर्यंत पोरानं अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या वेगानं, समजून वाचावा, ९९९९पर्यंतचे अंक वाचावे-लिहावे, गुणाकाराची सोपी उदाहरणं सोडवावी, अशी अपेक्षा आहे. म्हणून मोबाइलवर वेळ लावून तिच्यासमोर बसू नकोस, बाई! साठाचा आकडा शाळेला बघू दे. तू फक्त वाचून झाल्यावर विचार, 'काय झालं गं त्या गोष्टीत?' तिला सांगता आलं तर वाचन झालं. नाही आलं तर नुसता आवाज झाला.

आता गणित. तिला ४८ अधिक ३७ येतं, हातचा येतो. पण 'बागेत केळीचे २४५ घड होते, त्यांतले १२८ कापले, तर किती उरले?' असं आलं की ती पुस्तकातून मान वर करून विचारते, 'आई, बेरीज का वजाबाकी?' घरोघरी हेच चालतं. आणि आपणही भाजी ढवळता ढवळता सांगून टाकतो, 'वजाबाकी.' संपलं! उदाहरणातलं जे शिकायचं होतं ते आपणच सोडवून दिलं, तिच्याकडे नुसती आकडेमोड उरली. तिची गाडी गणितात अडत नाही, वाचण्यात अडते. तेव्हा आकडे झाकून ठेव आणि म्हण, बागेत काय झालं ते मला सांग. 'घड होते, काही कापून नेले' एवढं तिच्या तोंडून आलं की वजाबाकी तिची तीच म्हणेल.

उलटंही कर. तिला नुसतं 'आठ गुणिले नऊ' दे आणि त्याची गोष्ट करायला सांग. भुसावळच्या पोरीला गोष्टीची काय कमी? स्लीपरच्या डब्यात समोरासमोर सहा आणि बाजूला दोन, असे आठ बर्थ. जुन्या डब्यात असे नऊ भाग, म्हणून बहात्तर. नव्या एलएचबी डब्यात दहा, म्हणून ऐंशी. रेल्वेवाल्या घरात आठाचा पाढा असा शिकवायचा सोडून भिंतीवर तक्ता कशाला चिकटवायचा? पाठांतराला मी नावं ठेवत नाही हं. आपल्या आजोबांना पावकी-निमकी, दिडकी-अडीचकी तोंडपाठ होती, बाजारात त्यांना कोणी फसवलं नाही. पण त्यांना पावकी कशासाठी ते माहीत होतं. दहापर्यंतचे पाढे मधूनच विचारले तरी यायला हवेत, घाई तेवढीच.

वजाबाकीत एक जागा हमखास अडते. ५००मधून २३७ वजा करायचे. एककात शून्य, दशकात शून्य, मग उसने घ्यायचे कोणाकडून? वहीवर खोडत बसण्यापेक्षा शंभराच्या पाच नोटा तिच्या हातात दे आणि म्हण, मला २३७ रुपये दे. तिला एक नोट मोडावी लागेल, दहाच्या दहा नोटा घ्याव्या लागतील, त्यांतली पुन्हा एक मोडून रुपये करावे लागतील. चार शंभराच्या, नऊ दहाच्या आणि दहा सुटे. वहीतलं शून्याचं नऊ होतं ते कुठून, हे तिला हातात दिसेल. सुटे नसतील तर कागदाच्या नोटा करा.

आणि एकोणसाठ लिही म्हटलं की ६९ लिहिते, त्यावरून ओरडू नकोस. आपल्या अंकांची नावं आहेतच तशी आडवळणी. म्हणून तर २०१९ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं मांडलं होतं आणि राज्यभर केवढा गदारोळ झाला. मला ती सोय वाईट वाटली नव्हती. चिडवण्यासारखं तर त्यात काहीच नव्हतं.

तिसरीतलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक परिसर अभ्यासाचं. २०१४पासूनच्या अभ्यासक्रमात ते जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं आहे. नव्या धोरणाची पुस्तकं आता पहिलीपासून यायला लागलीत, तेव्हा चिंगीच्या हातात कुठलं पडेल ते बघ. पण तिसरीत जिल्हा शिकावा हे बरोबरच आहे, आणि आपला जळगाव जिल्हा काही पंधरा तालुक्यांची नावं घोकण्यापुरता नाही. तिला एकदा सकाळी गच्चीवर उभी कर. सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे लांब अजिंठ्याचे डोंगर. उत्तर-दक्षिण जन्मभर चुकणार नाही. मग रूळ दाखव. एक फाटा बोदवड-मलकापूरवरून नागपूरकडे, एक तापी ओलांडून रावेर-बऱ्हाणपूरवरून खंडव्याकडे, आणि जळगावच्या दिशेला गेलं की पुढे मुंबई आणि सुरत. तापीही पश्चिमेला सुरतेकडेच जाते, समुद्राला मिळायला. नकाशावर हे बोटानं फिरवायला लाव. चांगदेवला नेलंस तर तापी-पूर्णेचा संगमही दिसेल, खाली हतनूरचं धरण. हा धडा पाठ करावा लागत नाही.

बोलण्याबद्दल एक. तुझ्या सासू-सासऱ्यांच्या घरात लेवा बोली. आजी 'डोया' म्हणते, शाळेत बाई 'डोळा' लिहायला लावतात. तिला 'गावंढळ बोलू नको' म्हणून कोणी दटावलं तर तू मध्ये पड. लिहायचं कसं आणि आजीशी बोलायचं कसं, हे दोन्ही आठ वर्षांच्या पोराला नीट सांभाळता येतं. रेल्वे क्वार्टरमधल्या मैत्रिणींशी ती हिंदीही झाडते की! तिकडे राज्य सरकारनं २०२५ला पहिलीपासून हिंदीचा घाट घातला आणि जूनअखेर मागे घेतला. आपल्या पोरांनी दोन्हीची वाट पाहिली नव्हती.

मार्कांचं मनावर घेऊ नकोस. तिसरीत आकारिकला ६० आणि संकलितला ४०. म्हणजे निम्म्याहून जास्त भार तोंडी काम, कृती, उपक्रम, स्वाध्याय यांचा. म्हणूनच स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प आणून थर्माकोलवर चिकटवायचा नाही. वाकडं झालं तर वाकडं, तिच्या हातचं दे. अ-१ नाही आलं तर अ-२ येईल.

शिकवणीचं म्हणशील तर माझं सरळ मत, नको. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीत आणायची ठरली, तशा क्लासच्या पाट्या तिसरीच्या पोरांसाठीही लागल्यात. २०१६-१७पासून ती पाचवीला गेली होती तेव्हा जरा सुटका होती. पण ज्या पोरीला उदाहरण वाचून कळत नाही तिला शिष्यवृत्तीचे जाडजूड संच काय कामाचे? रोज झोपायच्या आधी एक गोष्ट ती वाचेल, एक तू वाच. बस. परीक्षा जवळ येईल ती ऐन आपल्या उन्हाळ्यात, तेव्हा सकाळच्या शाळेनंतर दुपारी पुस्तक काढायला लावू नकोस, झोपू दे.

या वयात खोटंही बोलायला लागतात हं, 'आज गृहपाठच नाही' वगैरे. दप्तर तपासत बसू नकोस, मैत्रिणीच्या आईला फोनही नको. तिलाच विचार, आज काय सोपं गेलं, काय अवघड गेलं. अवघड सांगण्याची सवय लागली की लपवायचं कारण उरत नाही.

पालकसभेला मात्र जा, आणि बाईंना 'वर्गात कितवी?' असं विचारू नकोस. विचार, नवा उतारा दिला तर समजतो का, आणि कुठल्या जोडाक्षराला अडते. बाई खूश होतील, आणि तुला घरी काय करायचं तेही कळेल. ठेवते आता, कुकर झाला. चिंगीला म्हणावं, मावशीनं बर्थचा हिशेब विचारलाय, साईड लोअर धरून.