अश्मयुगीन आहार आणि बंगळूरचा बाजार

१. विषयप्रवेश

अलीकडच्या काळात शहरांतील सुशिक्षित वर्गात 'पॅलिओ' नावाच्या आहाराची बरीच चर्चा ऐकू येते. शेतीचा शोध लागण्यापूर्वी मनुष्य जे अन्न खात असे तेच त्याच्या शरीराला मानवते, अशी या आहाराची मूळ कल्पना आहे. म्हणून मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंदमुळे आणि कवचाची फळे एवढेच पदार्थ घ्यावेत. तृणधान्ये, कडधान्ये, दूध, साखर आणि शुद्ध केलेली तेले वर्ज्य करावीत, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. हा आहार महाग पडतो, अशीही तक्रार सर्वत्र आढळते. ही तक्रार कितपत खरी आहे, मर्यादित पैशांत तो कसा बसवता येईल आणि तसे करताना कोणती गोष्ट हातची निसटण्याचा संभव आहे, याचा विचार या पाठात बंगळूर शहराच्या उदाहरणावरून केला आहे.

२. कल्पनेचा उगम

वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन वैद्याने 1975 साली अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक लिहिले. परंतु या विषयाला शास्त्रीय वर्तुळात स्थान मिळाले ते 1985 साली. त्या वर्षी बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात पुराणाश्मयुगीन पोषणावर लेख प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: मनुष्याची शरीररचना लक्षावधी वर्षांत घडली, शेती मात्र सुमारे दहा हजार वर्षांचीच आहे, एवढ्या अल्प काळात शरीर नव्या अन्नाला पुरते सरावलेले नाही. पुढे 2002 साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ही कल्पना लोकप्रिय केली.

या युक्तिवादात तथ्यांश आहे, पण तो संपूर्ण नाही. दूध पचवण्याची क्षमता प्रौढपणी टिकवणारा जनुकीय बदल पशुपालनानंतरच्या काळात पसरला. भारतातही तो वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे कमी आढळतो. म्हणजे दहा हजार वर्षांतही शरीर बदलते. शिवाय गॅलिली सरोवराच्या काठी, ओहालो येथे, सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातूचे दाणे सापडले आहेत. शेतीपूर्वीचा मनुष्य धान्याला शिवत नव्हता, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

३. कर्नाटकातील आदिमानव

हा विषय बंगळूरच्या वाचकाला परका नाही. कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यातील हुणसगी खोऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी आदिमानवाच्या अनेक वस्तीस्थानांचा शोध लावला. तेथील इसामपूर येथे चुनखडीच्या दगडाची हत्यारे घडवण्याची जागाच उघडकीस आली. पावसाळ्यात ही माणसे लहान टोळ्यांनी खोऱ्यात पांगत आणि उन्हाळ्यात बारमाही झऱ्यांपाशी एकत्र येत, असे पद्दय्या यांनी अनुमान काढले आहे. ऋतूप्रमाणे जे सहज मिळेल ते खाणे, हा त्या जीवनाचा पाया होता. काटकसर करू पाहणाऱ्याने आदिमानवाकडून घेण्यासारखा पहिला धडा हाच होय.

याच प्रदेशात पुढे नवाश्मयुगात, म्हणजे सुमारे चार ते पाच हजार वर्षांपूर्वी, बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूसारख्या गावांतून हुलगा, मूग आणि बारीक भरड धान्ये पिकू लागली. हुलगा आजही कर्नाटकात आणि महाराष्ट्रात घरोघरी शिजतो. तो 'अश्मयुगीन' नव्हे म्हणून टाकून द्यावा की चार हजार वर्षांची ओळख म्हणून ठेवावा, हा प्रश्न शेवटी विचारात घेऊ.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारात आज मिळणारी कोणतीही भाजी आदिमानवाने खाल्लेली नाही. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल या तिन्ही एकाच रानटी वनस्पतीपासून मनुष्याने निवडीने तयार केलेल्या जाती आहेत. टोमॅटो, मिरची, पपई, बटाटा आणि रताळे ही तर अमेरिका खंडातून आली. तेव्हा या आहारात जुन्या अन्नाचे अनुकरण नाही. अन्नाच्या काही गटांची निवड आहे, एवढेच.

४. धान्याच्या पेठांतून जाणारी वाट

केंपेगौडाने 1537 साली वसवलेल्या आणि 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झालेल्या बंगळूरच्या जुन्या पेठांची नावे पाहावीत. अक्किपेटे म्हणजे तांदळाची पेठ, रागीपेटे म्हणजे नाचणीची, तरगुपेटे म्हणजे धान्याची. शहराचा व्यापार धान्यावर उभा राहिला. अश्मयुगीन आहार घेणाऱ्या गृहस्थाला या पेठा ओलांडून पुढे जावे लागते आणि स्वस्ताईचा मोठा भाग तेथेच मागे राहतो.

पुढे मात्र त्याची निराशा होत नाही. कृष्णराजेंद्र मार्केटात पहाटे भाजीचा घाऊक व्यवहार चालतो. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात भाजीबरोबर मांस आणि मासळीही मिळते. फळबागायतदारांची सहकारी संस्था 'हॉपकॉम्स' 1959 साली सुरू झाली. ती दररोजचे भाव जाहीर करते आणि शहरभर पसरलेल्या आपल्या दुकानांतून माल वजनाने विकते. तिचा भाव प्रमाण मानून इतर दुकानांशी ताडून पाहिल्यास फसवणूक टळते. मासळी मंगळूर आणि मालपे येथून येते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्रनौकांच्या मासेमारीस बंदी असल्याने त्या दिवसांत समुद्राची मासळी महागते. तेव्हा रोहू, कटला यांसारखे तलावातील मासे किंवा अंडी घ्यावीत. हिवाळ्यात शहरात ताज्या पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात आणि कार्तिकात बसवनगुडीला भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. परंतु पावटा आणि भुईमूग ही दोन्ही द्विदलेच असल्याने या आहाराच्या नियमाने ती वर्ज्य ठरतात.

५. भावाची खरी तुलना

किलोचा भाव पाहून अन्नाची महागाई ठरवणे चुकीचे आहे. अन्न आपण दोन प्रमुख कारणांसाठी घेतो: शक्ती, म्हणजे उष्मांक, आणि शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने. म्हणून प्रत्येक पदार्थाचा भाव 'हजार उष्मांकांस किती' आणि 'पन्नास ग्रॅम प्रथिनांस किती' असा काढावा.

हजार उष्मांक मिळवण्यास सुमारे 300 ग्रॅम तांदूळ किंवा नाचणी पुरते. रताळी मात्र सुमारे 900 ग्रॅम लागतात, सोललेली केळी जवळजवळ तितकीच, ओल्या नारळाचे खोबरे 250 ग्रॅम आणि खोबरेल तेल सुमारे 110 ग्रॅम. यावरून सोपा नियम निघतो. एक किलो रताळ्यांचा भाव एक किलो नाचणीच्या भावाच्या एकतृतीयांशाहून जितका अधिक, तितकी अश्मयुगीन शक्ती धान्याच्या शक्तीपेक्षा महाग.

पन्नास ग्रॅम प्रथिने मिळण्यास आठ अंडी, किंवा सुमारे 250 ग्रॅम हाडाविना कोंबडीचे मांस, किंवा साफ केलेली 280 ग्रॅम तारली पुरतात. हुलगा घेतला तर सुमारे 230 ग्रॅम लागतो. स्थानिक भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. तारली आणि अंडी यांपुढे बोकडाचे मटण किती महाग पडते हे तेव्हा स्पष्ट होते.

६. दोघांची आठवड्याची खरेदी

बैठे काम करणारे एक पुरुष आणि एक स्त्री असे दोघांचे कुटुंब घेऊ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 सालच्या शिफारशींनुसार अशा दोघांस आठवड्याला मिळून सुमारे 26,400 उष्मांक आणि 700 ग्रॅम प्रथिने लागतात. ती पुढील खरेदीतून जवळजवळ पूर्ण होतात: अंडी 30, साफ केलेली कोंबडी दीड किलो, तारली दीड किलो, रताळी सात किलो, सुरण दोन किलो, केळी तीन किलो, नारळ चार, खोबरेल तेल 400 ग्रॅम, पालेभाज्या तीन किलो, भोपळा, दुधी, नवलकोल, गाजर, फरसबी इत्यादी हंगामी भाज्या पाच किलो आणि तीळ 200 ग्रॅम. फरसबी द्विदलवर्गीय असली तरी तिची कोवळी शेंग भाजी म्हणून बहुतेक जण चालवून घेतात.

या यादीत शक्तीचा सर्वांत मोठा वाटा रताळ्यांचा आहे, मांसाचा नव्हे. अश्मयुगीन आहार म्हणजे मांसाची रेलचेल, ही समजूत खिशाला आणि प्रकृतीला दोन्हींना घातक ठरते. काटकसरीचा कणा कंदमुळे हाच होय.

७. शिजवणे आणि साठवणे

रोज स्वयंपाकास वेळ नसलेल्या नोकरदारांनी आठवड्याचे काम दोन दिवसांत वाटावे: रविवारी एकदा आणि बुधवारी एकदा. सात दिवसांचे अन्न एकदम शिजवून ठेवणे सुरक्षित नाही. शिजलेले अन्न शीतकपाटात 5 अंश सेल्सिअसखाली तीन ते चार दिवसच ठेवावे. 5 ते 60 अंशांमध्ये जंतूंची वाढ झपाट्याने होते, म्हणून शिजलेले अन्न उथळ भांड्यांत पसरून दोन तासांच्या आत थंड करून आत ठेवावे आणि खाताना वाफा येईपर्यंत पुन्हा तापवावे. कच्चे मांस आणि मासळी झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी; त्यांचे पाणी शिजलेल्या अन्नावर गळता कामा नये. बुधवारी लागणारी मासळी रविवारीच गोठणकप्प्यात टाकावी.

रताळी सालीसकट उकडावीत. सुरणातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे घसा खाजतो. आमसुलासारखे आंबट घालून तो पुरता शिजवावा. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि थोड्या पाण्यात शिजवावी, नाहीतर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाया जातात. तारली आमसूल घालून दाबपात्रात बराच वेळ शिजवल्यास तिचे बारीक काटे मऊ होऊन खाता येतात. कोंबडीची हाडे उकळून निघणारे पाणी भाजीच्या रश्शास वापरावे, म्हणजे काहीही फुकट जात नाही.

८. हाडांचा प्रश्न

आता या आहाराची खरी उणीव पाहू. प्रौढास रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. दूध गेले की त्याचा मोठा साठा जातो आणि नाचणी गेली की दक्षिणेतील गरिबांचा दुसरा आधारही जातो. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वरील यादीत तीळ, काट्यांसह खाल्लेली तारली आणि शेवग्याचा पाला नसेल तर ही तूट भरून निघणे कठीण. राजगिऱ्याच्या पाल्यात कॅल्शियम पुष्कळ असले तरी त्यातील ऑक्झलेटमुळे शरीरास थोडेच मिळते, म्हणून शेवग्याला अधिक पसंती द्यावी. ही तूट लगेच जाणवत नाही; ती वर्षांनंतर, विशेषतः स्त्रियांच्या हाडांत, प्रकट होते.

फायद्याविषयीही मोजके बोलावे. स्वीडनमधील उमेओ येथे 70 स्थूल प्रौढ स्त्रियांवर दोन वर्षे केलेला प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर अश्मयुगीन आहार घेणाऱ्यांची चरबी तुलनेच्या गटापेक्षा अधिक घटली होती. दोन वर्षांनंतर हा फरक उरला नाही, रक्तातील ट्रायग्लिसराइडे मात्र कमीच राहिली. गरोदर स्त्रिया, वाढती मुले, मूत्रपिंडाचे रोगी आणि मधुमेहावर औषध घेणारे यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय असा बदल करू नये.

९. समारोप

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ताटाचा निम्मा भाग भाज्या, फळे आणि कंदमुळे यांनी भरावा, असे म्हटले आहे. अश्मयुगीन आहारातील हितकर अंश जवळजवळ हाच आहे: साखर व तळण कमी, भाजी व कंद अधिक, ऋतूचा माल आणि ताजे शिजवलेले अन्न. एवढे स्वीकारून ज्याची मिळकत बेताची आहे त्याने नाचणी आणि हुलगा ताटात ठेवला, तर त्याचे काहीही बिघडत नाही; उलट खर्च घटतो आणि हाडांना आधार मिळतो. ज्याला नियम पूर्ण पाळायचा आहे त्याने तीळ, तारली आणि शेवगा विसरू नये. आदिमानवाजवळ वर्ज्य पदार्थांची यादी नव्हती. भोवतालची नीट ओळख होती. बाजारात जाताना तीच बरोबर न्यावी.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावच्या बाजारात रताळी आणि नाचणी यांचे आजचे भाव विचारून हजार उष्मांकांस किती खर्च येतो ते काढा.
२. अंडी, तारली आणि हुलगा यांपैकी पन्नास ग्रॅम प्रथिने सर्वांत स्वस्त कशातून मिळतात?
३. आपल्या घरच्या एका दिवसाच्या जेवणात कॅल्शियम कोणत्या पदार्थांतून येते त्याची यादी करा. दूध आणि नाचणी वगळल्यास काय उरते ते लिहा.